खुराड्यातला भुंगेरा

भुंगेरा तिळाएवढा, पण त्याच्यामागे जमलेले किस्से माझ्या वहीच्या मागच्या पानांत मावेनात. आमचा गट तिघांचा: विज्ञानाचे सर, माझी मैत्रीण रुक्मिण आणि मी. बोलायचं काम रुक्मिणचं, बघायचं आणि लिहायचं माझं.

•

रुक्मिणच्या शेतात सोलर पंप आला तो चीडच्या लाकडाच्या खोक्यातून. चीड म्हणजे पाइन, डोंगराळ मुलखातलं झाड. आमच्या शिरूर कासारात त्याची नुसती फळी येते. तिच्या आईनं त्या फळ्यांचं कोंबड्यांना खुराडं केलं. एका फळीला साल तशीच होती. तिच्यावर बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा मला दिसला.

"काकू, ह्यात किडे आहेत," मी म्हणाले. त्यांच्याशी आपणहून बोललेलं माझं हे पहिलंच वाक्य.

"असू दे की," काकू म्हणाल्या. "कोंबड्यांची सोय झाली."

•

सरांनी फोटो शहरातल्या एका मॅडमना पाठवले. त्या आयुष्यभर सालीतले भुंगेरेच बघत आल्यात. त्यांनी किडे मागवले, तपासले आणि कळवलं, "माझ्याकडच्या कशाशीच जुळत नाही. नवी जात दिसते."

सरांनी ही बातमी शाळेच्या ऑफिसात सांगितली. क्लार्कनी मान वर न करता विचारलं, "प्रवर्ग कोणता?"

•

वर्णन लिहायला नर आणि मादी दोन्ही हवेत, सहाही पाय शाबूत. पाठवलेल्या सगळ्या माद्याच निघाल्या होत्या. मॅडमनी खूण सांगितली: मादीच्या कपाळावर केस असतात, नराच्या कपाळावर खळगा असणार.

वेळ थोडा होता. पंधरा दिवसांनी रुक्मिणच्या घरचे ऊसतोडीला माजलगावकडे निघणार होते, तीही सोबत. जाताना खुराडं मोडून फळ्या सरपणाला न्यायच्या होत्या.

रुक्मिण रोज भिंग घेऊन बसायची. "हिच्या बी कपाळावर केसंच. सर, गावात एक बी बाप्या कावून न्हाई?"

"तोडीला गेले असतील," सर म्हणाले.

•

नवव्या दिवशी नर सापडला. मी तो चिमट्यानं पांढऱ्या कागदावर ठेवला. कपाळावर खळगा, पाय सहा. डबी घ्यायला वळले, तेवढ्यात तांबडी कोंबडी आली. नुसता कागद राहिला.

मला रडू येत होतं. सर डोळे मिटून उभे होते.

"सर," रुक्मिण म्हणाली, "कोंबडीच पाठवू का मॅडमला? नर आत हाय."

•

वर्णनाचा कच्चा मजकूर मी लिहिला. 'रंग काकवीसारखा. पाठीमागचा भाग कोयत्यानं तिरपा छाटल्यासारखा, छाटाच्या दोन्ही कडांना चार-चार दात.' सरांनी काकवी आणि कोयता खोडून 'गडद तपकिरी, उतरता' असं केलं आणि पानाचा फोटो मॅडमना पाठवला.

मॅडमचा फोन आला. "तपकिरी म्हणजे नेमका कसा?" सरांनी फोन माझ्या हातात दिला.

"काकवीसारखा," मी म्हणाले.

"कढईतल्या?"

"नाही. बाटलीत भरून उन्हात धरली की दिसते तशी."

"कळलं. आणि हे खोडलं कुणी?"

तेव्हापासून सर माझ्या वहीवर फक्त सही करतात.

•

निघायच्या सकाळी ट्रॅक्टर दारात उभा होता. रुक्मिणचे वडील खुराड्याच्या फळ्या उपटत होते. रुक्मिण ट्रॉलीत बसली होती. शेवटच्या फळीची साल निखळली, तशी ती उडी मारून खाली आली आणि सालीच्या आतल्या बाजूला भिंग धरून थांबली.

"खळगा," ती म्हणाली. या वेळी मी डबी आधीच उघडली होती.

नर मॅडमकडे शाबूत पोचला. महिन्याभरानं त्यांनी कळवलं, "वर्णन पूर्ण झालंय. भुंगेऱ्याला रुक्मिणचं नाव द्यावं म्हणते, घरच्यांना विचारा." सरांनी काकूंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मागं ऊस तोडल्याचे आवाज येत होते. सरांनी सगळं समजावून सांगितलं.



"द्या की," काकू म्हणाल्या. "पर मला विचारून लिवा. शाळेच्या दाखल्यावर पोरीचं नाव चुकलंय. किड्याचं तरी नीट लिवा."