आमलीच्या खानावळीचा करारनामा

अमळनेरच्या फलाटावर सुरतेच्या गाडीची वाट पाहत मी उभा होतो तेव्हा माझ्या पिशवीत लेजर कागदांचा गठ्ठा, आखणीपट्टी, दोन पेने आणि अंगठ्याच्या शाईची डबी, इतके साहित्य होते. कपड्यांचे दोन जोडही होते. परंतु ती बाब दुय्यम. मी चोपड्याच्या तहसील आवारात अर्जलेखनाचे काम करतो. शिक्षण नववीपर्यंत झाले आहे, तरी माझ्या हातचा अर्ज भाषेच्या दोषासाठी परत आल्याचे आजवर कोणी दाखवून द्यावे.

जाण्याचे कारण असे. माझी धाकटी बहीण कमल ही सिल्वासा येथील आमली भागात खानावळ चालवते. तिला नोटीस आली. 'दुसऱ्यांच्या जागेत व दुसऱ्यांच्या चुलीवर केलेले अन्न विकत असल्याची तक्रार प्राप्त, गुरुवारी पाहणीच्या वेळी लेखी खुलासा, अन्यथा परवाना रद्द.' एवढ्या मोठ्या वाक्यात एकही पूर्ण क्रियापद नव्हते. एका बाईची चूल विझवायला निघालेल्या कचेरीला एक क्रियापद परवडू नये, याचा मला प्रथमपासूनच संताप आला. कमलने फोनवर एवढेच सांगितले, "दादा, तू ये. माले काही सुचत नही." (मला काही सुचत नाही.)

सुरतेला गाडी बदलून मी वापीला उतरलो. तेथून सिल्वाशाला जाणाऱ्या रिक्षात तिघांच्या जागेत पाच जण बसवले होते व मी सहावा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती, मध्येच ताडाची झाडे, पुन्हा भिंती. मी चालकास तीन वेळा स्पष्ट शब्दांत 'आमली' असे सांगितले होते. त्याने मला सामरवरणीला उतरवले.

"आमली मागे राहिले," मी म्हणालो.

"तो बोलना चाहिए था ने, काका! तुम्ही कागद वाचत बसला होता," तो म्हणाला, आणि निघून गेला. मी उलट्या दिशेची रिक्षा धरली, आणि या चालकाविरुद्ध कोठे दाद मागता येईल याचा विचार करीतच आमलीला पोहोचलो.

कमलची खानावळ म्हणजे वास्तविक एक स्वयंपाकघर व त्यासमोर दोन बाके. मला आश्चर्य वाटले, कारण पाळीचे शंभरभर कामगार तिच्याकडे जेवतात असे ती सांगत असे. ते बसतात कोठे, हे मला मंगळवारी दुपारी कळले. शेजारी जयंतीभाई नावाच्या गुजराती शिंप्याचे दुकान आहे व त्यापुढे लांबलचक ओटा. पाळी सुटण्याच्या सुमारास जयंतीभाईंनी शिवणयंत्रांची डोकी खाली दुमडली, त्यांवर फळ्या टाकल्या, आणि शिवणयंत्रांची जेवणाची मेजे झाली. एकच यंत्र त्यांनी उघडे ठेवले. कामगार येत, फाटलेला गणवेशाचा सदरा काढून जयंतीभाईंकडे देत, व बनियनवर जेवायला बसत. जेवण होईपर्यंत सदरा शिवून तयार!

भाकरी कमलच्या चुलीवर होतच नव्हती. मागच्या चाळीत राहणारी मंगल, ही मूळची नंदुरबारकडची, कळण्याच्या (ज्वारी व उडीद एकत्र दळलेल्या पिठाच्या) भाकरी घरी थापून टोपलीने आणत होती. तिची दोन मुले शाळा सुटल्यावर कमलकडेच जेवतात, अभ्यासही तेथेच करतात. भाजी आणणारी देवली ही राखोलीच्या पलीकडची वारली म्हातारी. ती पहाटे तोडलेली वांगी, शेवग्याच्या शेंगा व रानभाजी कमलला देते, उरलेली खानावळीच्या पायरीवर बसून विकते, आणि पाय दुखू लागले की कमलच्या आतल्या खोलीत निजते. कोणाचे कोणाशी काय ठरले आहे, असे मी कमलला विचारले.

"ठरेल काहीच नही," (ठरलेले काहीच नाही) ती म्हणाली. "तू आधी जेव."

शेवभाजी अशी जहाल होती, की माझे डोळे भरून आले. माझ्या शेजारी बसलेल्या कामगाराने पाण्याचा तांब्या सरकवला व म्हणाला, "मामा, ठेचा तर अजून लावलाच नाही तुम्ही!" सारे हसले. येथे सकाळपासून सर्व जण मला मामा म्हणत होते. कमलचा भाऊ म्हणून गल्लीचा मामा! आमच्या आवारात मला वकीलसुद्धा 'नाना' म्हणून आदराने हाक मारतात. मी ते त्या कामगारास सांगितलेही. तो म्हणाला, "बरं, नाना मामा."

जेवण झाल्यावर मी कामास लागलो. काहीच ठरलेले नसणे हेच या प्रकरणातील दुबळे अंग आहे, हे माझ्या ताबडतोब ध्यानात आले होते. म्हणून मी एक करारनामा तयार केला. त्यात जयंतीभाई, मंगल व देवली हे तिघे सदर खानावळीचे भागीदार असून, सदर व्यवसायातील सर्व जबाबदाऱ्या त्यांस मान्य व बंधनकारक राहतील, असे मी नमूद केले. मसुदा उत्तम उतरला होता. जयंतीभाईंची सही घेतली, तेव्हा ते एका गिऱ्हाइकाची मापे घेत होते. मंगलने पिठाच्या हाताने सही केली. देवली पायरीवर वांगी लावीत होती. मी तिच्यासमोर कागद धरला, शाईची डबी उघडली, व म्हणालो, "येथे."

"कशाचा कागद?"

"खानावळीच्या भल्याचा."

तिने कमलकडे पाहिले. कमल आत भाजी ढवळत होती. मग तिने अंगठा दिला.

बुधवारी सकाळी देवली आली नाही. मंगलची टोपलीही आली नाही. दुपारी जयंतीभाईंनी यंत्रे दुमडली नाहीत. सगळी एकदम खडखडत होती. पाळी सुटली आणि कामगार ओट्यापाशी येऊन उभे राहिले. कमलने कणीक भिजवून एकटीने पोळ्या लाटायला घेतल्या. पहिले वीस जण जेवले. बाकीचे घड्याळाकडे पाहत थोडा वेळ उभे राहिले आणि वडापावच्या गाडीकडे गेले.

मला जो संताप आला तो शब्दांत मांडणे कठीण. ज्या बाईच्या घरी यांची मुले जेवतात, जिच्या खोलीत ही म्हातारी निजते, तिला ऐन पाहणीच्या आदल्या दिवशी वाऱ्यावर सोडावे! मी तडक जयंतीभाईंच्या दुकानात शिरलो.

"याला शेजारधर्म म्हणतात काय?" मी विचारले.

त्यांनी पायडल थांबवले. "मामा, माझ्या मुलाने काल रात्री तुमचा कागद वाचला. कमलबेनने फोटो पाठवला होता. भागीदार? सर्व जबाबदारी? उद्या साहेबाने दंड केला तर माझं दुकान पण जाणार ने? मी ओटा दिला, दुकान नाही दिलं."

"तो शब्द कायद्याच्या दृष्टीने..."

"शब्द तुमचा आहे. मी तर फक्त मशीन दुमडत होतो."

मी मंगलकडे गेलो. तिने दार अर्धेच उघडले. तिचा नवरा कंत्राटी कामावर होता. बायको धंद्यात भागीदार आहे असे कारखान्यात कळले तर काय, अशी त्याने रात्रभर धास्ती घेतली होती. "तुम्ही वाचून तरी दाखवायचं होतं, मामा," ती म्हणाली. मी तिला सांगितले की भाषा कायद्याची होती, ऐकून समजली नसती. तिने दार लावून घेतले.

संध्याकाळ व्हायच्या आत कमलने मला रिक्षात बसवून राखोलीला नेले.  कारखाने मागे पडले, दमणगंगेचे पाणी दिसले, आणि कुडाच्या भिंतींच्या एका घरापुढे देवली शेंगा निवडत बसलेली आढळली. तिने माझ्याकडे पाहिले नाही. कमलला म्हणाली, "पोरी, माना (मला) माझा आंगठा परत पाहिजे."

मी समजुतीने सांगू लागलो, की असे होत नसते. एकदा उमटलेला अंगठा हा दस्तऐवजाचा भाग होतो.

"माना ठाव हाय," ती म्हणाली. "माझ्या सासऱ्याने पन असाच दिलेला. विहिरीचा कागद सांगितलेला. मग शेताभोवती भिंत आली. विहीर काय आली नाय." तिने समोर हात केला. पलीकडे एका कारखान्याची लांब पांढरी भिंत होती. "त्या मानसानेही वाचून नाय दाखवला."

त्या अनोळखी माणसाचा मला भयंकर राग आला. तो कोण होता, कोणत्या आवारात बसत होता, हे मी विचारणारही होतो. मग माझ्या ध्यानात आले की तिच्यापुढे तो कागद घेऊन आता मीच उभा आहे.

कमलने विळीशेजारची कात्री उचलून माझ्यापुढे धरली. मी करारनामा बाहेर काढला. आयुष्यात मी लिहिलेल्या कागदास पहिल्यांदाच कात्री लावली. अंगठ्याचा चौकोन कापून देवलीच्या हातात दिला. तिने तो उजेडात धरून पाहिला, आपल्या अंगठ्याशी जुळवला आणि पदराच्या गाठीत बांधला.

"सकाळी वांगी आनू का?" तिने कमलला विचारले.

परत आल्यावर जयंतीभाई व मंगल यांच्याही सह्या कापून मी त्यांच्या हाती दिल्या. जयंतीभाई म्हणाले, "मामा, कटिंग वाकडं झालं. मला द्यायचं होतं."

गुरुवारी साहेब भर जेवणाच्या वेळी आले. ओट्यावर बनियनवर जेवणारे कामगार पाहून त्यांनी विचारले, "हे कोणाच्या परवानगीने?"

"माझ्या," जयंतीभाई सुई न थांबवता म्हणाले. "ओटा माझा छे. गिऱ्हाईक पण माझं छे. तुमच्या कॉलरचा टाका सुटलाय, साहेब. बसा, जेवा, तोवर होईल."

साहेब बसले नाहीत; परंतु कॉलर चाचपली. मंगलने टोपली दाखवून सांगितले की चूल तिची, पीठ कमलचे, आणि घरी यायचे असेल तर आत्ताच यावे. देवली पायरीवरून म्हणाली, "मी माझी भाजी देतेय. माना कोनी लावला नाय." (मला कोणी कामाला लावलेले नाही.)

साहेबांनी खुलाशाचा छापील नमुना काढला व प्रत्येकाचे अर्जदाराशी नाते विचारू लागले. मालक, भाडेकरू, नोकर, भागीदार असे चारच रकाने त्यात होते. तीस वर्षे मी असेच रकाने भरत आलो आहे आणि त्यांत माणूस बसला नाही, तर दोष माणसाचा मानत आलो आहे. त्या क्षणी मला त्या कागदाचा असा संताप आला, की मी आखणीपट्टी काढली, पाचवा रकाना आखला, वर 'शेजारी' असे लिहिले व नमुना साहेबांपुढे ठेवला.

"असा रकाना नाही," साहेब म्हणाले.

"नव्हता," मी म्हणालो.

त्यानंतर मी तिघांचे तीन जबाब लिहिले, प्रत्येकाच्या बोलण्यातले शब्द जसेच्या तसे ठेवून. प्रत्येक जबाब मोठ्याने दोनदा वाचला. देवलीने तिसऱ्यांदा वाचायला लावला, मग अंगठा दिला. साहेबांनी कागद पिशवीत घातले, पादचाऱ्यांना वाट मोकळी ठेवण्यास बजावले, आणि कळवू म्हणाले.

मी चोपड्यास परतल्यावर पंधरवड्याने कमलचा फोन आला. परवाना कायम राहिला होता. ओट्यालगत वाट सोडायची, एवढीच अट. "जयंतीभाई विचारतात, नाना मामा पुन्हा कधी येतील," ती म्हणाली. त्या गल्लीच्या वतीने तिने मला प्रथमच नाना म्हटले. ते मात्र मामाला जोडून.

तो कापलेला करारनामा माझ्या पेटीत शाईच्या डबीखाली ठेवलेला आहे. तीन भोके पडलेला तो मसुदा भाषेच्या दृष्टीने आजही निर्दोष आहे आणि मला तो पाहवत नाही. काल एक गृहस्थ म्हाताऱ्या आईला घेऊन आले. घाई होती, डबी उघडा, येथे अंगठा घ्या, कचेरी बंद होईल, असे म्हणू लागले. मी डबी मिटली, आजीबाईंना खुर्ची दिली आणि पहिल्या ओळीपासून कागद वाचायला सुरुवात केली. ते गृहस्थ फार संतापले. कचेरी बंद झाली, तेव्हा आम्ही दुसऱ्या पानावर होतो. आजीबाईंनी एक शंका विचारली होती, आणि ती रास्त होती.