मरण्यात हातखंडा

चीनमधल्या हंग्द्येनच्या चित्रनगरीत मरावं तर येन शुइश्याननेच, असं दिग्दर्शक म्हणत. त्रेसष्ट वर्षांची ही विधवा टीव्ही मालिकांत रोजंदारीवर आई व्हायची आणि बहुतेकदा मरायची. मेल्याचं सोंग घेतलं की अपशकुन टळावा म्हणून पैशांचं लाल पाकीट मिळे, ते वेगळं.

शवपेटीशी कुणी देखणा नट गुडघे टेकून जुन्या ग्रंथातलं ते वाक्य म्हणे, आईबापांच्या सेवेला उशिरा पोचलेल्या लेकराचं. मालिका कुठलीही असो, वाक्य तेच. अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. डोळे मिटून पडलेली शुइश्यान त्या आवाजाच्या जागी आपल्या लेकाचा, तोंगचा आवाज ऐके. तो दूर उत्तरेला शेनयांगच्या कारखान्यात होता. चार नववर्षं घरी फिरकला नव्हता. त्याच्या आठवणीने तिचा जीव तुटायचा.

एके दिवशी मालिका आजच्या काळातली होती, म्हणून पेटीशेजारी काळ्या चौकटीत तिचाच फोटो लावला. कुणीतरी चोरून मोबाइलवर टिपलं आणि ते फिरत फिरत शेनयांगला गेलं. तोंगने आईला फोन लावला, शेजाऱ्यांना लावला. पण गल्लीतली सगळी मंडळी तिथेच रडायच्या कामावर, आणि चित्रीकरणात सगळ्यांचे फोन एका पिशवीत जमा.

संध्याकाळी फोन हातात आला तेव्हा त्यावर लेकाचे एकतीस कॉल होते. शेवटी निरोप, "आई, गाडीत बसलोय. पेटी बंद करू देऊ नकोस."

मेलेल्या बाईला सांगत होता वेडा! तिने नंबर काढला. एक शब्द बोलली असती, तर पुढच्या स्टेशनावर उतरून तो माघारी गेला असता. तिने फोन बंद करून ठेवला. आपण वाईट वागतोय हे तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोंग दारातच गुडघ्यांवर कोसळला. बाहीवर सुतकाची काळी पट्टी. तसाच रांगत आत आला, तर आई चुलीपाशी शेवया ढवळत होती.

"आई?"

"हातपाय धू. अंडं एक घालू की दोन?"

तो आधी ढसाढसा रडला, मग भडकला. "जिवंत होतीस तर फोन करायला काय झालं होतं? रात्रभर गाडीत माझं काय झालं असेल?"

"केला असता, तर आला असतास?"

तोंग खाली बघत म्हणाला, "उद्या सकाळीच निघतो. आई वारली म्हणून साहेबांनी तीन दिवसांची सुटी दिलीय. आता ते खोटं ठरतंय."

तिने वाडगा त्याच्यापुढे सरकवला.

"मग राहा ना तीन दिवस," ती म्हणाली. "तोवर मी मेलेय असंच धर. मी कुणाला सांगत नाही."