शेणाला शेण

१९९६ साल, वैशाख. वळीव अजून पडायचा होता. त्या महिन्यात माझ्या परड्यात गोबरगॅसची टाकी बांधून झाली. कोल्हापूरच्या कडेची आमची गल्ली. तेव्हापासून इथं चार माणसं बसली की टाकीचाच विषय निघतो. उकिरड्यावर रोज पाटी पडावी तसे हे किस्से साठत गेले. मला फार बोलायची सवय नाही. पण लोक वाढवून सांगतात, म्हणून झालं तेवढं सांगतो.

टाकीचं कारण मालन, माझी बायको. चुलीच्या धुरानं तिच्या डोळ्यांना धार लागायची. डॉक्टर म्हणाले, "औषध नंतर. आधी धूर बंद करा." सिलिंडरला नंबर लावून वाट बघायची, आणि मिळाला की दर वेळी पैसे मोजायचे. दारात दोन म्हशी होत्या. मी गवंडी बोलावला.

काम संपवून गवंडी म्हणाला, "आता दोन गाड्या ताजं शेण टाका. एकदम."

"रोज थोडं थोडं टाकतो की."

"टाका. मग त्यावरची भाकरी दिवाळीला खावा."

दोन म्हशींचं शेण किती? जेमतेम एक गाडी जमली. पलीकडच्या हौसाक्काकडं सहा म्हशी. बाई एकटी, शेणी थापून विकायची. पावसाच्या आधी शेणी वाळवायच्या, म्हणजे तिचा हंगामच तो. मी जन्मात कुणापुढं हात पसरला नव्हता. तिच्या दारात उभा राहिलो आणि शेणाचे किती पैसे ते विचारलं.

हौसाक्का म्हणाली, "पैसं घिऊन मी काय भिताडाला थापू? शेणाला शेण दे. माझ्या पाटीनं मोजून देनार, माझ्या पाटीनं मोजून घेनार. पुढच्या वर्सीच्या पावसाच्या आत."

"दिलं," म्हणालो.

पंधरा दिवस तिनं एक शेणी थापली नाही. सगळं शेण माझ्या टाकीत.

पहिला गॅस आला तेव्हा स्वयंपाकघरात गल्ली जमली. मालननं काडी ओढली. फुस्स. दुसरी ओढली. फुस्स. कोपऱ्यावरचा दुकानदार भूपालअण्णा पाठीमागून म्हणाला, "वैनी, काड्या माझ्याच दुकानातल्या हायत. चांगल्या हायत. सावकाश संपवा."

पहिला गॅस पेटत नाही, सोडून द्यायचा असतो, हे गवंडी सांगायला विसरला होता. चार दिवसांनी निळी ज्योत लागली. मालननं चहा केला, भांडं उतरवलं आणि उलटं करून बघत बसली. काळं झालं नव्हतं. चहा सगळ्यांचा गार झाला.

चूल बंद, त्यामुळं राखही बंद. भांडी कशानं घासायची? मालननं मला पावडर आणायला पाठवलं.

भूपालअण्णानं चष्मा वर केला. "बापू, वीस वर्सात पैल्यांदा भांड्याची पावडर मागतोयस. सकाळी कुणाचं तोंड बघितलं रं मी?"

मी भाव विचारला आणि तसाच मागं फिरलो. चुरमुऱ्याच्या भट्टीवर गेलो. तिथं राख उचलून नेणाऱ्याची ते वाटच बघत होते. राखेची पाटी डोक्यावर घेऊन परत दुकानावरूनच गेलो. अण्णा पाटीकडं बघत म्हणाला, "गेलं. गिऱ्हाईक गेलं."

गॅस मोजका. सकाळचा स्वयंपाक, संध्याकाळचा स्वयंपाक, मध्ये दोन चहा. तिसरा चहा कुणी मागितला की मी सांगायचो, "टाकीत न्हाय." एका दुपारी भूपालअण्णा आला. बसला. कागदाची पुडी काढून माझ्यापुढं ठेवली. मी सोडली तर आत शेण.

म्हणाला, "माझ्या चहाचं आनलंय. साखर तुमची."

चहा द्यावा लागला.

मालनच्या डोळ्यांची धार थांबली. दसऱ्याला तिनं स्वतः सुई ओवली. पण माझा घास गोड लागत नव्हता. दोन्ही म्हशींचं शेण रोज टाकीच खायची. हौसाक्काला द्यायला पाटीभरही उरायचं नाही. टाकीतून बाहेर पडणारी मळी मात्र भरपूर. एका सकाळी ती पाट्या भरून तिच्या दारात नेली.

तिनं बोट बुडवून बघितलं. "हे तुझ्या टाकीनं खाऊन टाकलेलं हाय, बापू. मी दिलतं ते उष्टं नव्हतं."

मळी परत आणून परसातल्या वांग्यांना घातली. वांगी जोरात आली. ती तिनं घेतली, पण म्हणाली, "ही शेणात धरायची न्हाईत हं."

कार्तिकात आमच्या मागच्या माळावर ऊसतोडीची टोळी उतरली. बीडकडची माणसं, बैलगाड्या घेऊन. त्यांच्यात एक ओली बाळंतीण. तीन दगडांवर पाचट पेटवून बाळाचं पाणी तापवायची. वारा सुटला की जाळ विझायचा. मालन कुंपणापाशी गेली आणि तिला हाताला धरून घरात घेऊन आली.

मी म्हणालो, "गॅस पुरायचा न्हाय."

"मग तुमचा दुपारचा चहा बंद," मालन म्हणाली.

बंद झाला. रोज दुपारी बाळाचं पाणी आमच्या शेगडीवर तापायला लागलं.

आठवड्यानं बाळाचा बाप दारात आला. पंचविशीचा गडी. आत ये म्हटलं तर येईना.

"बाबा, फुकटचं पाणी किती दिस घ्यावं? मला झोप लागंना. पैका न्हाई. बैलाचं शेण हाय, तेवढं घ्या."

मी त्याच्याकडं बघितलं. "घेतो," म्हणालो. "पण माझ्या दारात टाकू नको. चल, घर दाखवतो."

रोज संध्याकाळी त्याची गाडी हौसाक्काच्या दारात उभी राहायला लागली. पहिल्या दिवशी तिनं शेण चिमटीत चोळलं. "हे बैलाचं. मी म्हशीचं दिलतं."

गड्यानं गाडीतलं शेण उतरवायचं थांबवलं.

तिनं एक गोळा उचलून भिंतीवर थापला. हात काढला आणि वाट बघत उभी राहिली. गोळा खाली आला नाही.

"उसाच्या शेंड्याचं वाडं खाल्लेलं दिसतंय," म्हणाली, आणि आतून आपली पाटी घेऊन आली.

टोळी हलायच्या आदल्या दिवशी तिनं शेवटची पाटी रिकामी केली. भिंतीच्या कोपऱ्यावर हात पुसले.

"फिटलं, बापू."