मलिहाबादच्या बागेत आमचा तंबू

रजई दोन हिवाळे वापरली की आतला कापूस एका कोपऱ्यात गोळा होतो. आमच्या तंबूच्या गोष्टींचंही तसंच झालंय. माझं लखनौत ताडपत्री, तंबू आणि रजयांचं दुकान. इथले लोक ताडपत्रीला तिरपाल म्हणतात आणि मीही आता घरीसुद्धा तिरपालच म्हणतो. थंडीत दुकानात मराठी माणूस आला की रजई बाजूला राहते आणि गाडगिळांचा विषय निघतो.

गाडगीळ बँकेतले. डॉक्टर कुलकर्णी झाडांचे शास्त्रज्ञ, इथल्या एका संशोधन संस्थेत. तिसरा मी. दर जानेवारीत एक रात्र आम्ही जवळच मलिहाबादकडे एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या आंब्याच्या बागेत तंबू ठोकायचो. गाडगिळांच्या नलिनीवहिनी कधी आल्या नाहीत. त्यांना लखनौची थंडी मुळीच सोसत नसे. "तुम्ही रिटायर झालात की दुसऱ्या दिवशी पुणं," असं त्यांनी लखनौला आल्या वर्षीच सांगून ठेवलेलं. आणि गाडगिळांना तर लखनौ सोडायचं नव्हतं.

* * *

पहिल्या वर्षी तंबूची जागा अर्थातच डॉक्टरांनी निवडली. सगळ्यात दाट झाड बघून म्हणाले, "याच्याखाली ठोका. पानांचं छप्पर आहे, कोहऱ्याचा थेंब अंगावर येणार नाही."

झालं उलटंच. कोहरा, म्हणजे इथलं दाट धुकं, पानांवर जमला आणि जमलेलं सगळं पाणी टपटप आमच्यावर गळत राहिलं. सकाळी उघड्यावर उभी केलेली माझी गाडी नुसती दमट होती आणि आमचा तंबू धुऊन काढल्यासारखा.

गाडगीळ पांघरूण पिळता पिळता म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही झाडांचा अभ्यास फक्त ऑफिस टायमिंगमध्येच करता वाटतं."

* * *

डॉक्टरांनी उट्टं पुढच्याच वर्षी काढलं. त्या खेपेला तंबू उघड्यावर होता, पण आत व्यवस्था गाडगिळांची. बँकेत लॉकररूम सांभाळलेला माणूस. जिथं फट दिसली तिथं कापड कोंबलं, खिडकीची जाळी चिकटपट्टीनं बंद केली, चेन खालपर्यंत ओढली. "आता बघा, वारासुद्धा परवानगी घेऊन येईल."

पहाटे गाडगीळ उठून बसले. टकलावरून पाणी ओघळत होतं. "शेठ, तुमचं तिरपाल गळतंय."

माझ्या मालाला कुणी नावं ठेवली की मला राहवत नाही. मी बाहेर जाऊन बघितलं, पाऊस नव्हता. तेवढ्यात डॉक्टरांनी छताच्या आतल्या बाजूला हात लावला, ओला हात गाडगिळांना दाखवला आणि म्हणाले, "हे आपल्या तिघांच्या श्वासाचं पाणी आहे. बाहेर जायला तुम्ही परवानगी दिली नाहीत, ते तरी काय करणार?"

तेव्हापासून मी तंबू विकताना आधी खिडकी उघडून दाखवतो.

* * *

मग थंडी खालून येते हा शोध लागला. अंगावर दोन रजया आणि खाली एक पातळ सतरंजी असं झोपून गाडगिळांची पाठ लाकूड झाली होती. पुढच्या वर्षी आम्ही भाताचा पेंढा, ज्याला इथे पुआल म्हणतात, चांगला जाड पसरला. राजेशाही झोप लागली.

पण तो पेंढा वहिनींनी विणलेल्या स्वेटरमध्ये अडकला. गाडगीळ ऐटीत गोमती नगरच्या फ्लॅटवर पोचले. वहिनींनी दारातच अडवलं. "ऊब लागली का?"

"अगं, काय सांगू, इतकी छान..."

"म्हशीला पण लागते. आधी स्वेटर झटका, मग आत या."

* * *

एका वर्षी डॉक्टरांची मुलगी ईशा आली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. दिवसभर दवात फिरून आमचे मोजे ओले झालेले. तिनं पिशवीतून कोरडे मोजे काढून घातले आणि म्हणाली, "अंकल, दिन के मोज़े रात को नहीं पहनते."

गाडगिळांकडे दुसरा जोड नव्हता. त्यांनी काठीला मोजा अडकवून शेकोटीवर धरला, गप्पांत रंगले आणि मोज्याची टाच जळून गेली.

वहिनींनी तो मोजा टाकला नाही. बैठकीत खुंटीला लावला. कुणी "कँपिंग कसं झालं?" विचारलं की नुसतं बोट दाखवायच्या.

* * *

गेल्या हिवाळ्यात गाडगीळ रिटायर झाले. ट्रकवाल्याशी बोलणं झालं, खोकी भरली. तेव्हा त्यांनी वहिनींना एकच मागणं केलं. "एकदा बागेत चल. मग म्हणशील तेव्हा निघू." वहिनी म्हणाल्या, "एकदाच हं."

मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाला नसेल एवढी गाडगिळांची धावपळ. तंबू झाडापासून लांब, खिडकी थोडी उघडी, खाली ढीगभर पुआल, कोरडे मोजे वेगळ्या पिशवीत, गरम पाण्याची रबरी पिशवी. संध्याकाळी मटार घातलेली गरम तहरी, म्हणजे इथला मसालेभात, खाऊन वहिनी आत गेल्या.

सकाळी कोहरा इतका, की चुलीवरचं पातेलं चार पावलांवरून दिसेना. वहिनींचा पत्ता नाही. गाडगीळ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "शेठ, तुम्ही विचारा ना. माझा धीर होत नाही."

मी हाक मारली. "वहिनी, थंडी वाजली का?"

"चहा झाला का, भाऊजी?"

चेन थोडी उघडली. एक हात बाहेर आला, पेला घेऊन आत गेला, चेन बंद. आम्ही तिघे उभेच. आतून चहा फुंकल्याचा आवाज.

बऱ्याच वेळानं वहिनींनी विचारलं, "भाऊजी, इथं आंब्याला मोहोर कधी येतो?"

"होळीच्या आधी येतो."

"मग ट्रकवाल्याला सांगून टाका. मोहोर बघून ठरवू म्हणावं."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. गाडगीळ वाकून चुलीत फुंकर घालत बसले. चूल केव्हाची पेटलेली होती.