उजव्या दिव्याजवळचा पोचा

माझं लग्न झालं तेव्हा आमचे हे साताऱ्यात एका डॉक्टरांच्या मोटारीवर ड्रायव्हर होते. मोटार आमच्या लग्नाच्या आधीची. डॉक्टरांच्याही आधी तिचा कुणी एक मालक होऊन गेलेला, म्हणजे तेव्हाच ती जुनी होती. घरात मी दुसरी आले आहे हे मला पहिल्या महिन्यातच कळलं. नवरा एखाद्या बाईच्या नादी असता तर मी तिच्या दारात जाऊन चार शिव्या घालून आले असते. पत्र्याच्या बाईशी कसं भांडायचं ते मला आईनं शिकवलं नव्हतं.

डॉक्टरांच्या परसात आम्हाला दोन खोल्या होत्या आणि समोरच मोटारीचं शेड. त्यामुळे मला सगळं दिसायचं. न दिसतं तर बरं झालं असतं. थंडीत गाडी सकाळी गारठून बसायची, म्हणून हे चुलीवरचं कढत पाणी नेऊन तिच्या रेडिएटरमध्ये ओतायचे. ते पाणी माझ्या न्हाण्याचं असायचं. पुसायला यांना जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडंच लागे. नव्या कापडाचे ओरखडे उठतात म्हणे. माझं लुगडं कधी विरतंय याच्यावर डोळा ठेवून असलेला नवरा साऱ्या साताऱ्यात मला एकटीलाच मिळाला होता.

संध्याकाळी गाडी आली की हे स्क्रू-ड्रायव्हरची लाकडी मूठ कानाला लावत, दुसरं टोक इंजिनाला टेकवत आणि डोळे मिटून ऐकत उभे राहत. आत कुठं बारीक टकटक झाली तरी यांच्या कपाळाला आठी पडायची. एका पावसाळ्यात मी महिनाभर खोकत होते. तो खोकला या कानांना ऐकू आला नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच औषध धाडलं.

मी जळत होते, हे सरळच सांगते. शेजारणी म्हणायच्या, दारू नाही, पत्ते नाहीत, तमाशा नाही, तुझ्या नवऱ्यासारखा नवरा मिळायला पुण्याई लागते. मी हो म्हणायची आणि आत येऊन भांडी आपटायची.

त्यात लढाई लागली. नवीन गाड्या यायच्या थांबल्या, टायर मिळेना, पेट्रोल कुपनावर. गावातल्या कितीतरी मोटारी विटांवर चढवून ठेवलेल्या असायच्या आणि आमची मात्र मेढ्याच्या आणि कोरेगावच्या वाटेनं पेशंट बघायला धावत होती. टायर फाटला की हे आतून जुन्या टायरचा तुकडा बसवत. स्प्रिंगचा पाटा मोडला की गावभर फिरून भंगारातला पाटा शोधत आणि लोहाराच्या भट्टीपाशी स्वतः उभं राहून तो बसता करून घेत. लोक विचारायचे, एवढी म्हातारी गाडी चालते कशी. हे म्हणायचे, "मोडल्यावर समदेच हात लावत्यात. मोडायच्या आदी लावावा लागतो." माझ्याकडे बघून मात्र असं काही सुचलं नाही यांना कधी.

दसऱ्याला तर माझी परीक्षाच असे. ड्रायव्हरची बायको म्हणून गाडीची पूजा मीच करायची. म्हणजे सवतीला हळदकुंकू माझ्याच बोटांनी लावायचं, वर तिला ओवाळायचं. संध्याकाळी आपट्याचं पहिलं पान हे तिच्या बॉनेटवर ठेवत, मग घरी येऊन मला सोनं देत. उरलेलं सोनं मी पदराच्या टोकाला बांधायची.

एका वर्षी मेढ्याच्या वाटेवर एका रेड्यानं गाडीला शिंग मारलं. उजव्या दिव्याजवळ मडगार्डला वाटीएवढा पोचा पडला. हे दोन दिवस नीट जेवले नाहीत. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. त्या दसऱ्याला पूजेचं ताट घेऊन मी गेले आणि बॉनेटवर कुंकू न लावता सरळ त्या पोच्यात बोट दाबलं. चांगलं दाट कुंकू भरलं. येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर पहिली तिथंच जावी, असा माझा बेत. यांनी बघितलं, आणि कुंकू तसंच राहू दिलं. मग दर दसऱ्याला मी तिथंच लावू लागले.

नवल म्हणजे, एक स्क्रू ढिला राहू न देणाऱ्या माणसानं तो पोचा काही काढला नाही. डॉक्टरांनी कितीदा सांगितलं, ठोकून घे, वाईट दिसतं. ठोकणारा सदर बाजारात होता, घंटाभराचं काम. हे म्हणत, "ऱ्हाऊ द्या, डॉक्टरसाहेब. त्यानं चालायचं काय अडत न्हाई." आवडतीचा शेंबूड गोड म्हणतात ते हेच, असं मी समजले, आणि आणखी जळले.

लढाई संपल्यावर डॉक्टरांनी नवी गाडी घेतली आणि जुनी सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याला विकली. ती फाटकाबाहेर गेली तशी मी देवापुढं नारळ फोडला. वाटलं, आता माझं राज्य आलं. पण कसलं काय. नव्या गाडीला काही करावंच लागत नव्हतं, आणि हे रिकाम्या हातांनी ओट्यावर बसून राहायचे. सांगलीकडचा कुणी भेटला की विचारायचे, हळदीवाल्यांची मोटार बघितली का, चढाला पाणी मागती का. ती शेडात होती तोवर तिच्याकडे पाठ तरी करता येत होती. आता ती घरात होती, ताटाशी होती, आणि दिसत नव्हती म्हणून हाकलताही येत नव्हती.

पुढचा दसरा आला. एरवी माहेरचं नाव काढलं की ज्यांना काम आठवायचं, ते आपणहून म्हणाले, चल, कुंडलला तुझ्या आईकडे जाऊ. मी हरखून गेले. खंडेनवमीला नव्या गाडीची आणि पान्या-हत्यारांची पूजा उरकून आम्ही निघालो. आईच्या घरी रात्रभर मी मिरवत होते. सकाळी चहा घेता घेता हे म्हणाले, सांगली इथनं जवळच हाय, जाऊन येऊ. माहेर कशासाठी होतं ते मला तेव्हा कळलं. येत नाही म्हणणार होते, पण सवतीचा नवा संसार बघायची हौस मलाही होतीच.

व्यापाऱ्याच्या वखारीसमोर ती उभी होती. नवा काळा रंग, नवा कापडी टप. तिचा ड्रायव्हर लढाईवरून परत आलेला, अंगात अजून खाकी. त्यानं यांना मानानं पाहुणे म्हणून बसवलं आणि दाखवायला म्हणून हँडल मारलं. अर्ध्या फेऱ्यात गाडी सुरू झाली. यांच्या हाताखाली तिला चार-चार लागायचे. यांनी विचारायला सुरुवात केली: सकाळी कढत पाणी लागतं का, दुसरा गिअर अडतो का, चढाला थांबावं लागतं का. तो प्रत्येकाला नाही म्हणून मान हलवत गेला.

"काय बी न्हाई, पावनं," तो म्हणाला. "बिघडलेलं समदं काडून नवं घातलं. आता लय शांत झालीया."

यांचं तोंड उतरलं. ज्या खोडी यांनी इतकी वर्षं जपल्या, त्या तिच्या नव्हत्याच. लढाईच्या दिवसांत नवं काही मिळत नव्हतं म्हणून सांभाळून घेतलेली दुखणी होती ती. दुसऱ्याच्या घरी ती सुखात आहे हे यांना बघवत नव्हतं. मला खूश व्हायला हवं होतं, आणि क्षणभर झालेही.

एवढ्यात त्या ड्रायव्हरची बायको पूजेचं ताट घेऊन आली. तरणी, नाकात नथ. तिनं बॉनेटच्या मधोमध कुंकू लावलं.

"तिथं न्हवं," माझ्या तोंडून गेलं. "उजव्या दिव्याजवळ लावत्यात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढं होऊन जागा दाखवायला बोट टेकवलं तर ते गुळगुळीत पत्र्यावरून घसरलं. पोचा नव्हता. ड्रायव्हर कौतुकानं सांगू लागला की तेवढाच एक डाग होता, तो ठोकून काढला. यांनी त्या जागी एकदा तळवा ठेवला, काढला आणि निघूया म्हणाले.

परतीला उतारूंच्या सर्व्हिस मोटारीत माझ्यानं राहवेना. मी विचारलं, "आवं, समदं करत हुता तिचं. मग तेवढा पोचा का ठेवला हुता?"

हे बाहेरच्या उसाकडे बघत होते.

"तू कुंकू लावायचीस तिथं," म्हणाले. "एरवी गाडीकडं तू बघत बी न्हवतीस. तेवढ्या एका जागंला तुजा हात लागायचा. ठोकून काडला असता, तर तुजा हात कुटं ऱ्हायला असता तिच्यावर?"

ते कुंकू मी कुठल्या मनानं लावत होते ते माझं मला ठाऊक.

संध्याकाळी कुंडलच्या वेशीवरून हे परत आले आणि आपट्याचं पहिलं पान माझ्या हातात ठेवलं. मध्ये कुणी नव्हतं. ज्या दिवसासाठी मी इतकी वर्षं बोटं मोडली तो आला होता, आणि माझ्या डोळ्यांपुढून ती सांगलीची नथवाली हलत नव्हती. माझी जागा बुजवून, माझ्या गाडीवर, मधोमध कुंकू लावणारी.