रिकामी दिसणारी बरणी

चिखलीच्या आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक परिचर आहे. दर सोमवारी नाकाला रुमाल बांधून तो मेलेले प्राणी टिकवायच्या बरण्यांत फॉर्मेलिन भरतो. आम्हा शिक्षकांशी अदबीनं बोलतो, बरण्यांतल्या प्राण्यांशी मात्र, "काय बे, आटलं का पाणी?"

यंदा कपाट आवरताना लेबल गळालेली एक बरणी मला सापडली. आत नुसतं पाणी दिसत होतं. मी ती बेसिनमध्ये उलटी करणार, तेवढ्यात तो ओरडला, "थांबा मॅडम! आत साल्प हाये."

एवढ्या वर्षांत तो माझ्यावर पहिल्यांदाच ओरडला. मला रागच आला.

त्यानं खुंटीवरची आपली काळी छत्री काढून बरणीमागं धरली. त्या काळ्यावर काचेसारखं आरपार एक इवलंसं पिंप उमटलं, बोटाएवढं, दोन्ही तोंडं उघडी.

"हा समुद्रात पोहत राह्यते अन् पाणी गाळून खाते. तुमीच तं पोराईले सांगता. मी दाराशी उभा राहून आयकतो."

खरं होतं. फळ्यावर आकृती काढून मी सतरा वर्षं साल्प शिकवत आले होते. पाहिला मात्र त्या दिवशी.