धवल्यांसाठी रॅम

उलव्याच्या भाविकाला एका जागी बसणं ठाऊकच नव्हतं. कुकरची शिट्टी होईपर्यंत ती ओटा पुन्हा पुन्हा पुसायची. त्यात यंदा धाकट्या दिराचं, प्रितमचं लग्न ठरलं आणि नेमकं त्याच सुमारास सासूच्या घशाचं ऑपरेशन झालं. सासू वेणूबाई गावची धवलारीण. तिने लग्नाची गाणी, म्हणजे धवले, गायल्याशिवाय आसपास हळद लागत नसे. आता डॉक्टरांनी गाणं बंदच केलं होतं.

ऑपरेशनआधी भाविकाने तिचे धवले मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड करून घेतले होते. हळदीला वाजवता यावेत म्हणून ते जोडायला घरातला जुना डेस्कटॉप काढला, पण थोडे तुकडे जोडले की पडदा गोठायचा.

"वहिनी, रॅम कमी पडते," प्रितम म्हणाला आणि पत्रिका वाटायला निघून गेला.

हळद तोंडावर आलेली. भाविकाने तशीच रिक्षा पकडून पनवेल गाठलं, दिसेल त्या दुकानातून रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी घेतली. घरी वायर काढून कॅबिनेट उघडलं, तर पट्टी बसेचना. जोर लावला तसा मदरबोर्ड करकरला. तिने पटकन हात मागे घेतला.

"मोडलास का?" दारातून वेणूबाईने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"तुमी बोलू नका, आये!"

पट्टी नीट पाहिल्यावर कळलं, तिची खाच एकीकडे आणि स्लॉटमधला उंचवटा दुसरीकडेच. दुसऱ्या दिवशी ती पनवेलच्याच दुसऱ्या दुकानात गेली. तिथे हेतलबेन बसत.

"जुनी पट्टी आणलीय?"

"नाय."

"मग अंदाजाने कशी देऊ, ताई? तुमच्या हातातली नव्या पिढीची, डीडीआर-फोर आहे. मशीन जुन्या डीडीआर-थ्रीचं असेल तर ती बसणारच नाही. जुनी पट्टी काढून आणा, मदरबोर्डवरच्या नंबरचा फोटोही आणा."

परत उलवे, परत पनवेल. हेतलबेननी फोटोतल्या नंबरावरून माहिती शोधली तेवढ्यात भाविका दुकानात चार फेऱ्या मारून आली.

"बसा हो जरा! आठ जीबीची एकच पट्टी हा बोर्ड घेणार नाही. एका स्लॉटला चारच चालते. चारच्या दोन सारख्या घेऊन जा."

घरी दोन्ही पट्ट्या लावून बटण दाबलं, तर पडदा काळाच. आतून नुसतं पीं पीं. भाविकाने फोन लावला.

"बंद करा, वायर काढा. एकेक पट्टी लावून बघा," हेतलबेन म्हणाल्या. "आणि स्लॉटमधली धूळ काढा आधी."

एका स्लॉटात धुळीचा थर होता. कोरड्या ब्रशने तो झाडला, पट्टी दोन्ही टोकांनी 'टक' वाजेपर्यंत दाबली. मशीन सुरू झालं. पडद्यावर आठ जीबी दिसलं आणि भाविका घाम पुसत खाली फरशीवरच बसली.

त्या दिवशी सगळे तुकडे जोडले गेले. वेणूबाईने पहिला धवला कान देऊन ऐकला.

"ह्यो आवाज माजा नाय वाटत," ती कुजबुजली. "माजे आयचा वाटते."

हळदीला स्पीकरवर धवले लागले. ज्या पोरींना शब्द येत नव्हते त्या आवाजामागून आवाज धरू लागल्या आणि हळूहळू अख्खा मांडव गाऊ लागला. वेणूबाई मध्ये बसून नुसते ओठ हलवत होती, पोरी चुकल्या की हाताने खूण करत होती. भाविका मात्र स्पीकरपाशीच उभी होती, वायर घट्ट बसलीय का ते चाचपत.